घर विटांचे, किंमत जमिनीची

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव मराठी वाचकाला परके वाटू नये. तंजावरचे राजे शहाजी हे व्यंकोजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे पुतणे. त्यांनी १६९३ मध्ये हे गाव रामभद्र दीक्षित, श्रीधर अय्यावाळ आदी सुमारे ४५ विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला शहाजीराजपुरम हे नाव मिळाले. त्या विद्वानांपुढे ‘घर परवडेल का?’ हा प्रश्नच नव्हता. राजाने जमीन दिली की निवारा आणि उदरनिर्वाह, दोन्ही सुटत.

पण जमीन देण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, तो कोणाला वगळायचे हेही ठरवतो. कावेरीच्या खोऱ्यात भात पिकवणाऱ्या शेतमजुरांच्या झोपड्या पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराच्याच जागेवर उभ्या राहिल्या. अशा निवाऱ्याला भाडे नसेलही, पण त्याची किंमत मोठी होती. मजुरी वाढवून मागावी, तर डोक्यावरचे छप्पर जाण्याची भीती! याच खोऱ्यातील किळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीच्या संघर्षातून एका झोपडीत आश्रय घेतलेल्या ४४ दलितांना जिवंत जाळण्यात आले. पुढे १९७१ मध्ये तमिळनाडूने ‘कुडियिरुप्पु’ कायदा केला आणि शेतमजूर राहत असलेल्या घराखालची जागा त्यांच्या मालकीची करण्याची तरतूद केली. या कायद्याने एकही घर बांधले नाही. परंतु मजुराचे घर मालकाच्या मर्जीतून मोकळे करण्याची वाट त्याने दाखवली.

घराच्या परवडण्याविषयीची आपली चर्चा मात्र सिमेंटचे दर आणि कर्जाचे हप्ते यांतच अडकते. मुंबईचा अनुभव पाहा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. जुन्या भाडेकरूला संरक्षण मिळाले. पण मालकाने दुरुस्ती सोडली, भाड्याची नवी घरे बांधणे परवडेनासे झाले आणि पागडीचा व्यवहार फोफावला. नंतर शहरात आलेल्याच्या वाट्याला झोपडपट्टी आली. पुढे वारे बाजाराच्या दिशेने वाहू लागले, तेव्हाही न्याय झाला नाही. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागा आणि सार्वजनिक घरांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता उरला. ज्या गिरणगावाने शहर उभे केले, तेथे उत्तुंग मनोरे आले. कामगारांचे वारस सोडतीची वाट पाहत राहिले.

मग उत्तर समाजवादात आहे की भांडवलशाहीत? जगाचा अनुभव या द्वंद्वापलीकडचा आहे. सोव्हिएत संघात भाडे नाममात्र होते, पण घरासाठी वर्षानुवर्षे रांगेत तिष्ठावे लागे. किंमत पैशांऐवजी प्रतीक्षेत मोजली जाई. व्यापारात पूर्ण मोकळीक देणाऱ्या सिंगापूरने १९६६ च्या कायद्याने सरकारला जमीन संपादनाचे व्यापक अधिकार दिले. आज तेथील सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या, ९९ वर्षांच्या पट्ट्यावरील घरांत राहतात. व्हिएन्नाने १९२३ पासून खास गृहकर लावून पालिकेची भाड्याची घरे बांधली आणि ती विकून टाकली नाहीत. या दोन शहरांची राजकीय भाषा भिन्न, पण सूत्र एकच आहे: जमिनीला सट्ट्याच्या हवाली करायचे नाही.

आपल्या योजनांची उणीव नेमकी येथे आहे. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये देते. तमिळनाडूची ‘कलैञर कनवु इल्लम’ योजना साडेतीन लाख. ही मदत भिंती उभारते. पण ज्याच्या पायाखाली स्वतःची जागा नाही, त्याला आधी जागा मिळावी लागते. तेथेच तो अडतो.

तिरुविसनल्लूरच्या दानपत्राने जे काही विद्वानांना दिले, ते लोकशाहीने सामान्य माणसाला हक्क म्हणून द्यायचे आहे. म्हणून ‘किती घरे बांधली?’ या प्रश्नाबरोबरच ‘किती जणांच्या नावावर जमीन झाली?’ हेही प्रत्येक सरकारला विचारले पाहिजे.