करंडक कोणाचा? : बाद फेरीच्या भाकिताविषयी

पेडणे तालुक्यातील पार्से गावापासून फातोर्ड्याचे फुटबॉल मैदान काही जवळ नाही. वाटेत शापोरा, मांडवी आणि झुआरी अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात. तरीसुद्धा इंडियन सुपर लीगचा हंगाम निकालास आला म्हणजे चहाच्या दुकानात वर्तमानपत्रातील गुणतक्ता बाकावर पसरला जातो, आणि यंदा शेवटच्या चारांत कोण, करंडक कोणाचा, याची चर्चा सुरू होते. अशा वेळी एखादा वयोवृद्ध रसिक हटकून विचारतो, "अरे, जो पहिला आला तोच जिंकला ना? मग पुन्हा हा खेळ कशासाठी?"

प्रश्न भाबडा वाटला तरी चुकीचा नाही. गोव्यातील जुन्या पिढीने व्यावसायिक फुटबॉल पाहिला तो साखळी पद्धतीचा. १९९८-९९ मध्ये साळगावकर संघ राष्ट्रीय विजेता झाला, धेंपो संघाने तो मान पाच वेळा मिळविला, चर्चिल ब्रदर्सने २००८-०९ आणि २०१२-१३ असा दोनदा. या साऱ्या विजयांत अखेरचा असा वेगळा सामना नव्हता. महिनोन्‌महिने खेळावे, गुण साठवावेत, आणि ज्याचे गुण अधिक त्याने करंडक न्यावा. त्यात भाकीत करणाराचे काम सोपे असे. चार-पाच सामने उरले असता साधी बेरीज-वजाबाकी येणारालाही विजेता दिसू लागे.

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली ती निराळ्या रीतीने. आरंभी साखळी खेळावयाची, पण तिचा उपयोग केवळ चार संघ निवडण्यापुरता. त्या चौघांत उपांत्य फेरी व्हावयाची, तीही एक सामना आपल्या आणि एक परक्या मैदानावर, दोहोंतील गोलांची बेरीज करून. आणि मग अंतिम सामना. २०२२-२३ पासून चारांऐवजी सहा संघ घेऊ लागले. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत जात आणि उरलेल्या चौघांना आणखी एक सामना जिंकून तेथवर यावे लागे. दरम्यान, साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला २०१९-२० पासून एक स्वतंत्र ढाल देण्यात येऊ लागली. तिचा पहिला मानकरी एफ. सी. गोवा. त्या ढालीच्या बळावरच आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट-फेरीत थेट प्रवेश मिळविणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. मात्र करंडक त्याला मिळाला नाही, आणि खरी गोष्ट येथूनच सुरू होते.

२०१४ पासून २०२४-२५ पर्यंत अकरा हंगाम झाले. त्यांपैकी तक्त्यावर पहिला आलेला संघ करंडकाचाही धनी झाला तो केवळ तीन वेळा: २०१८-१९ मध्ये बंगळुरू, २०२०-२१ मध्ये मुंबई सिटी आणि २०२४-२५ मध्ये मोहन बागान. दुसऱ्या क्रमांकावरील संघ चार वेळा जिंकला, तिसरा तीन वेळा आणि चौथा एकदा, २०१६ साली. म्हणजे डोळे मिटून "पहिलाच जिंकणार" असे सांगणारा अकरांपैकी आठ वेळा तोंडघशी पडला असता.

असे का व्हावे? याचे उत्तर नशिबात शोधण्यापूर्वी थोडे गणित करून पाहावे. समजा, एखादा संघ इतका सरस आहे की समोर कोणीही आले तरी शंभरांत साठ वेळा तोच जिंकेल. उपांत्य आणि अंतिम या दोन्ही पायऱ्या त्याला चढावयाच्या आहेत. पहिल्या पायरीवरून शंभरांतले साठ वर जातात. त्या साठांतले पुन्हा शेकडा साठ, म्हणजे छत्तीस, दुसरी पायरी गाठतात. निर्विवाद श्रेष्ठ संघाचीही करंडकाची आशा अशी एक-तृतीयांशाहून थोडीच अधिक उरते. अकरा हंगामांत अशा संघाने सरासरीने चार वेळा जिंकावे. प्रत्यक्षात तीन वेळा घडले. यात काही विपरीत झाले असे म्हणता येत नाही. उरलेले चौसष्ट टक्के प्रतिस्पर्ध्यांत विभागले जातात, एवढेच. तेव्हा "कोण जिंकेल?" या प्रश्नाला "बहुधा अमुक" असे उत्तर देणाराने "तरीही न जिंकण्याचाच संभव अधिक" हे जोडूनच सांगावयास हवे. पण चहाच्या दुकानात असे बोलणाऱ्याचे ऐकतो कोण?

हे केवळ आपल्याकडचे आहे असेही नाही. अमेरिका-कॅनडात बर्फावरील हॉकीची मोठी व्यावसायिक लीग चालते. तेथे प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळतो. नंतर सोळा संघ बाद फेरीत येतात. चांगल्या संघावर अन्याय होऊ नये म्हणून तेथे दोन संघांत सातपर्यंत सामने ठेवले आहेत. चार जिंकेल तो पुढे. शेकडा साठ बळाचा संघ या रीतीने एका प्रतिस्पर्ध्याला शंभरांत एकाहत्तर वेळा हरवू शकतो. परंतु अशा चार फेऱ्या जिंकावयाच्या असल्यामुळे अखेरीस त्याचीही आशा चतुर्थांशावरच येऊन ठेपते. २०१८-१९ मध्ये टॅम्पा बेच्या संघाने ८२ पैकी ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून सलग चार सामने गमावले. २०२२-२३ मध्ये बोस्टनने ६५ सामने जिंकून १३५ गुणांचा विक्रम केला. पहिल्या फेरीत फ्लॉरिडाविरुद्ध तीन-एक अशी आघाडी घेतली आणि पुढचे तीनही सामने हरून तो घरी गेला.

मग तक्ता निरुपयोगी समजावा काय? मुळीच नाही. तो एका प्रश्नाचे उत्तर चोख देतो: दारातून आत कोण येणार? सामन्यामागे दीड गुण ही त्याची साधी कसोटी. २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांनंतर सहावा संघ ३६ गुणांवर होता. २०२२-२३ मध्ये २० सामन्यांत ३० गुणांवर. बरोबर दीड-दीड. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत २७ गुणही पुरले. तेव्हा हंगामाच्या मध्यावर ज्याची सरासरी दीडच्या वर आहे त्याची काळजी करू नये आणि जो सव्वाच्या खाली आहे त्याच्यासाठी फार दिवे लावू नयेत.

मात्र आत आलेल्यांपैकी कोणावर डोळा ठेवावा, हे पाहताना गुणांच्या रकान्याशेजारचे रकाने वाचावेत. गोल किती केले याहून किती खाल्ले हे अधिक बोलके. दोन्ही मान मिळविणाऱ्या मोहन बागानने २०२४-२५ च्या साखळीत २४ सामन्यांत ४७ गोल केले आणि अवघे १६ खाल्ले. उलट एफ. सी. गोवाने २०१९-२० मध्ये १८ सामन्यांत ४६ गोलांची लयलूट केली, पण २३ खाल्लेही. उपांत्य फेरीत गाठ पडली ती चौथ्या क्रमांकाच्या चेन्नईयिनशी. गोव्याचे गुण ३९, त्यांचे २९. चेन्नईत गोवा १-४ असा हरला, फातोर्ड्यावर ४-२ असा जिंकला, बेरीज ५-६. एका गोलाने सारे वर्ष वाहून गेले.

चेन्नईयिनच्या या उदाहरणात दुसरी खूणही आहे. तो संघ त्या हंगामाच्या प्रारंभी तळाशी रुतला होता. डिसेंबर २०१९ मध्ये ओवेन कॉइल प्रशिक्षक म्हणून आले आणि संघाचे रूप पालटले. तक्ता नोव्हेंबरातील हार आणि फेब्रुवारीतील जीत एकाच तराजूत तोलतो. समोर उभा असतो तो फेब्रुवारीतला संघ! २०२२-२३ मध्ये बंगळुरूने साखळीतील शेवटचे आठही सामने जिंकले आणि चौथ्या क्रमांकावरून येऊन पहिल्या आलेल्या मुंबईला पेनल्टींवर गारद केले. शाळेतील पोर सहामाहीत नापास झाले तरी मार्चपर्यंत अभ्यासाला लागले असेल, तर परीक्षकाने त्याचे मार्चचेच पेपर तपासावेत. भाकीत करणारानेही शेवटचे सहा-सात सामने वेगळे काढून पाहावेत.

एका समजुतीवर मात्र विसंबू नये, ती म्हणजे घरच्या मैदानाची. या अकरा हंगामांत अंतिम सामना एका पक्षाच्या घरीच झाला असे पाच वेळा घडले. त्यांपैकी २०१५ मध्ये गोवा, २०१६ मध्ये केरळ, २०१८ मध्ये बंगळुरू आणि २०२४ मध्ये मोहन बागान, असे चार यजमान आपल्याच प्रेक्षकांसमोर हरले. शिवाय २०१६, २०२२ आणि २०२३ चे अंतिम सामने पेनल्टींवर सुटले, आणि पेनल्टींचे भाकीत सांगणाऱ्याला ज्योतिषीच म्हणावे.

ही सारी आकडेमोड करमणुकीपुरतीच असती तर तिच्यात एवढे शिरण्याचे कारण नव्हते. पण अपेक्षा भलतीच उंच बांधली की हार झाल्यावर तिचा जाब माणसांना विचारला जातो. "विकले गेले" हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. २४ एप्रिल २०२४ रोजी फातोर्ड्यावर मुंबईविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० असा पुढे असलेला गोवा पुढच्या काही मिनिटांत तीन गोल खाऊन हरला. अशा वेळी मैदानाबाहेर काय काय बोलले जाते ते फुटबॉल पाहणाऱ्यास सांगावयास नको. पुरावा कसलाच नसतो. असतो तो केवळ "आपण जिंकणारच होतो" हा हिशेब, आणि तो मुळातच चुकलेला असतो.

२० डिसेंबर २०१५ चा अंतिम सामना याहून जिव्हारी लागणारा होता. साखळीत पहिला आलेला गोवा फातोर्ड्यावर चेन्नईयिनविरुद्ध ८७ व्या मिनिटाला २-१ असा पुढे गेला. नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्या हातून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि बरोबरी झाली. दोन मिनिटांनी मेंडोझाने विजयी गोल केला. साऱ्या वर्षाचा गुणाकार-भागाकार एका गोलरक्षकाच्या नावावर मांडणे लोकांना सोपे गेले. पूर्वी धेंपोकडे खेळलेला हाच कट्टीमणी २० मार्च २०२२ रोजी हैदराबादच्या बाजूने पुन्हा फातोर्ड्यावर अंतिम सामन्यास उभा राहिला. त्या वर्षी पहिला आलेला जमशेदपूर उपांत्य फेरीतच बाद झाला होता. हैदराबाद दुसरा, समोर चौथा केरळ. सामना १-१ असा सुटून पेनल्टींवर गेला. कट्टीमणीने तीन पेनल्टी अडविल्या आणि करंडक हैदराबादला गेला.