संगणकावर डीव्हीडी : काय घ्यावे, काय टाळावे?

निकाह, वलीमा, हजला निघालेल्या वडीलधाऱ्यांचा निरोप. वीस वर्षांपूर्वी अशी चित्रणे डीव्हीडीवर मिळत. आज नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते आणि घरचे प्लेअर भंगारात गेले. डिस्क कपाटात पडून खराब होते. ती वेळीच पेन ड्राइव्हवर उतरवून देणे हे फोटो स्टुडिओ व मोबाइल दुरुस्तीवाल्या बंधूंना थोड्या भांडवलात जमणारे काम आहे.

मात्र दुकान राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्यासारख्या गावी असेल, तर चुकीची खरेदी दुप्पट महाग पडते. वस्तू बदलायला मार्गासनी, नसरापूर करीत पुण्याची तपकीर गल्ली गाठावी लागते, दिवस बुडतो. म्हणून खरेदीपूर्वी पुढील बाबी पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो.

ड्राइव्ह : यूएसबीला जोडता येणारा डीव्हीडी रायटर पुरेसा आहे. फक्त सीडी वाचणारा जुना ड्राइव्ह फुकट मिळाला तरी घेऊ नये. ब्ल्यू-रे ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो, पण त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. ट्रे बाहेर येणाराच घ्यावा. कॅमेऱ्यातील 8 सेंटिमीटरची छोटी डिस्क फटीच्या ड्राइव्हमध्ये अडकते. आपली एक जुनी डिस्क सोबत न्यावी व दुकानातच लावून पाहावी.

संगणक : 1990 च्या दशकाच्या अखेरीस डीव्हीडीसाठी अनेकदा वेगळे डीकोडर कार्ड बसवावे लागे. आता दहा वर्षांचा जुना संगणकही चालतो. एका थराच्या डिस्कमध्ये 4.7 जीबी, दोन थरांच्या डिस्कमध्ये 8.5 जीबी मावते. साध्या शंभर भरलेल्या डिस्क म्हणजे 470 जीबी. तेव्हा हार्ड डिस्क 1 टीबीची असावी.

सॉफ्टवेअर : 2012 च्या विंडोज 8 पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी दाखविण्याची सोय काढून टाकली. त्यामुळे चित्र दिसले नाही की ड्राइव्हला दोष देऊ नये. व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर टाकावे. एमपी4 फाइल करण्यासाठी हँडब्रेक हेही मोफत आहे. दोन्ही त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत.

अडचणी : आखातातून आणलेल्या छापील डिस्कवर बहुधा विभाग 2 असतो, भारताचा 5. ड्राइव्हचा विभाग पाचच वेळा बदलता येतो. उगीच बदलू नये. घरगुती चित्रणाला ही अट नसते. ते चालत नसेल तर डिस्क रेकॉर्डरवर 'फायनलाइज' केली होती का, हे विचारावे.

शेवटी, गिऱ्हाइकाची डिस्क ही अमानत आहे. तीत घरच्या पर्दानशीन महिलांचे चित्रण असते. काम होताच गिऱ्हाइकासमोर आपल्या संगणकावरील प्रत पुसावी. चित्रपटांच्या प्रती काढून विकणे तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याने गुन्हा आहे. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, कमाई हलाल असावी. ज्याच्या हाती लोक घरची चित्रणे निर्धास्त सोपवतात, त्याच्या दुकानाला, इन्शाअल्लाह, गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही.