रोजचं विज्ञान : घोड्याची नाडी कुठे लागते?

भिलाईत भर उन्हाळ्यात वरात संपली की घोडी धापा टाकते. दमली की आजारी?

जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवर एक धमनी असते. तिथे बोटं टेकवा. विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44 ठोके लागतात. आपल्यापेक्षा कमी, कारण मोठ्या घोड्याचं साधारण 4 किलोचं हृदय एका ठोक्यात जवळपास लिटरभर रक्त ढकलतं. मोठ्या बादलीनं हौद भरायला खेपा कमी लागतात, तसंच.

हिरडी दाबून सोडा. पांढरा डाग 2 सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. उशीर झाला तर रक्तप्रवाह मंदावलाय, अनेकदा पाणी कमी पडल्यानं.

सर्वांत महत्त्वाचं मला पोट वाटतं. कुशीला कान लावा, आतड्यांची गुरगुर ऐकू यायलाच हवी. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे अडकलेलं वर परतत नाही. पोट गप्प असेल तर पशुवैद्याला लगेच बोलवा.