मटक्यावरचा सरकारी उतारा

महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर एके काळी पोस्टमनची वाट पाहिली जायची. डोंगरउतारावरचं भात-नाचणी वर्षभर पुरत नसे. घर चालायचं ते मुंबईच्या मनिऑर्डरीवर. ती पाठवणारा चाकरमानी गिरणीत किंवा गोदीत राबे, गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीनं राही, आणि मटक्याचा अड्डा तिथून फार लांब नसे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून सुरू झालेला हा आकड्यांचा सट्टा पुढे चिठ्ठ्या आणि पत्त्यांवर आला. ओपन-क्लोजमध्ये गेलेला पगार मनिऑर्डरीच्या फॉर्मवर कसा दिसणार?

केरळनं १९६७ मध्ये सरकारी लॉटरी काढली होती : तिकीट एक रुपयाचं, पहिलं बक्षीस ५० हजारांचं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १२ एप्रिल १९६९ रोजी, महाराष्ट्रानंही तोच मार्ग धरला. मटक्यातला पैसा निदान तिजोरीत यावा, हा सरळ हिशेब. पण मटका हटला नाही. तो चार आण्यांतही खेळता येई, निकाल त्याच रात्री लागे आणि ओळखीवर उधारीही चाले. सोडतीची वाट पाहायला लावणारं सरकार त्याला काय पुरं पडणार!

उलट लॉटरीच मटक्यासारखी होत गेली. नव्वदच्या दशकात एक आकडी लॉटऱ्यांनी इतका हैदोस घातला की केंद्राला १९९८ मध्ये लॉटरी नियमन कायदा करावा लागला. त्यानुसार एका अंकावर बक्षीस देता येत नाही, तिकिटावर राज्याची मुद्रा लागते, सोडत राज्यानं स्वतः आणि स्वतःच्याच हद्दीत काढायची आणि कोणी न नेलेलं बक्षीस सरकारजमा होतं. गणेशोत्सव, दिवाळी अशा सणांच्या ‘भव्यतम’ सोडती वर्षात सहाच काढता येतात. सोडत पंचांसमोर होते. सरपंचपदाच्या आरक्षणाला तहसील कार्यालयात शाळकरी पोराच्या हातून सगळ्यांदेखत चिठ्ठी काढतात, त्यामागचा विचारही हाच. नशिबावर कोणाचा आक्षेप नसतो, संशय असतो तो चिठ्ठी काढणाऱ्या हातावर.

खरी मेख पुढे आहे. परराज्यांच्या लॉटऱ्या बंद करण्याचा अधिकार हा कायदा राज्याला देतो. मात्र सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये अट घातली : स्वतःची लॉटरी चालवणाऱ्या राज्याला दुसऱ्याची बंद करता येणार नाही. म्हणजे सिक्कीम-मिझोरामची तिकिटं थांबवायची तर महाराष्ट्रानं आधी आपलं दुकान बंद करायला हवं. सरकारनं काय केलं? २००६ मध्ये लॉटऱ्यांवर करच बसवला. जुगार आवरायला निघालेलं सरकार जुगाराचंच भागीदार झालं, याला माझ्या मते दुसरं नाव नाही.

बक्षीस लागलं तरी सगळं हाती येत नाही. दहा हजारांवरच्या बक्षिसातून ३० टक्के आयकर आधीच कापला जातो. तुमचं उत्पन्न करमुक्त मर्यादेखाली असलं तरी हा कर सुटत नाही, आणि न लागलेल्या तिकिटांचा खर्चही त्यातून वजा होत नाही. शिवाय प्रत्येक तिकिटावर जीएसटी असतो, लागलेल्या आणि न लागलेल्याही. हरणारा हरतानाही कर भरतो.

तरीही तिकीट घ्यायचंच असेल, तर मागे नाव-पत्ता लिहून सही करा आणि ते नीट जपा. फाटलेल्या-भिजलेल्या तिकिटावर दावा अडतो. निकाल दुकानदाराच्या तोंडून न ऐकता अधिकृत यादीत पाहा. आणि ‘तुम्हाला लॉटरी लागली, आधी कराचे पैसे पाठवा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. ज्यानं तिकीटच काढलं नाही त्याला बक्षीस लागत नाही, आणि कर बक्षिसातून कापतात, आगाऊ मागत नाहीत.