जात्यावरची गाणी आणि कुलपातले लेख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं. कवितेला पदवी लागत नाही, त्यामुळे शोधनिबंध नावाच्या प्रकाराशी माझा कधी संबंध आला नव्हता. तो आला भाचीमुळे. ती तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. आमच्या घरातल्या जुन्या बायका जात्यावर दखनीत जी गाणी म्हणत, ती तिने चारपाच वर्षं खपून गोळा केली. विजापूरच्या सूफींच्या परंपरेतून 'चक्कीनामा' नावाची अशी गाणी दख्खनमध्ये पसरली होती. जात्याच्या एकेका भागाला त्यांत अध्यात्माचा अर्थ दिलेला असे. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने १९७४ साली त्यांवर एक महत्त्वाचा लेख लिहिला आहे.

या विषयावर आणखी कोणी काय लिहिलंय ते भाची शोधू लागली, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर एका लेखाचं फक्त पहिलं पान दिसलं. पुढच्या पानांसाठी डॉलर मागितले होते. ती म्हणाली, "मामू, गाणं आपल्या नानीचं, आणि त्याच्यावरचा लेख वाचायला पैसे आपणच द्यायचे?" प्रश्न रास्त होता.

हाच प्रश्न जगात इतरांनाही पडला होता. संशोधक लेख फुकट लिहितात, दुसरे संशोधक तो बहुधा फुकट तपासतात, आणि छापून झाल्यावर त्यांचीच विद्यापीठं तो पैसे मोजून विकत घेतात. २००२ साली बुडापेस्टचं जाहीरनामापत्र निघालं. संशोधन वाचकाला इंटरनेटवर विनामूल्य आणि मोकळेपणाने मिळावं, ही त्यातली मागणी. यालाच ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात. आपण मुक्तद्वार म्हणू.

आता वाचकाने पैसे द्यायचे नाहीत, तर द्यायचे कोणी? सगळी मेख इथे आहे. काही पत्रिका लेखकाकडून शुल्क घेतात. विज्ञानात ते प्रकल्पाच्या अनुदानातून निघतं. मराठीच्या प्राध्यापकाला कुठलं आलंय अनुदान? आणि या शुल्काच्या आडोशाने बनावट पत्रिकांचा बाजारही मांडला गेला. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला विज्ञानाचा खोटा लेख ३०४ मुक्तद्वार पत्रिकांना पाठवला. १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला! आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये मान्यतेच्या यादीतून ४,३०५ नावं एका फटक्यात काढली. मग २०१९ मध्ये 'केअर' नावाची नवी यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. पत्रिका पारखण्याची जबाबदारी आता ज्याच्या त्याच्या संस्थेवर, म्हणजे खरं तर लेखकावरच आहे.

भाचीच्या एका सहकाऱ्याने असेच पैसे भरले होते. आठ दिवसांत लेख छापून आला, पेढे वाटले. वर्षभराने ती पत्रिका यादीतून गेली. लेख एकदा प्रसिद्ध झालेला, त्यामुळे दुसरीकडे देता येईना. तीन वर्षांची मेहनत तिथेच अडकली. पैशांपेक्षा हे नुकसान मोठं.

प्रामाणिक वाटाही आहेत. २००३ पासून 'डीओएजे' ही मुक्तद्वार पत्रिकांची सूची चालते. पत्रिका शुल्क घेते की नाही, किती घेते, लेख कसे तपासते, हे तिथे पाहता येतं. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातून २०१५ मध्ये 'ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज' सुरू झाली. ती लेखकाकडून काहीच घेत नाही. अनेक ग्रंथालयं वर्गणी काढतात आणि त्यावर पत्रिका चालतात. आपल्याकडे गावजेवण जसं वर्गणीतून होतं आणि पंगतीला कोणीही बसतं, तसंच हे. त्याच वर्षी 'लिंग्वा' या भाषाशास्त्राच्या नामांकित पत्रिकेच्या संपादकांनी प्रकाशकाशी पटेना म्हणून सामूहिक राजीनामे दिले आणि 'ग्लॉसा' ही मुक्तद्वार पत्रिका काढली. माणसं गेली, तशी पत्रिकेची पतही त्यांच्यामागे गेली.

भाचीने बिनशुल्काची एक पत्रिका निवडली. आधी तिचे जुने अंक वाचले. हे सांगायला सोपं, पण लेख परत येण्याचं एक मोठं कारण म्हणजे तो पत्रिकेच्या विषयातच बसत नाही. मग गोषवारा, संदर्भांची त्यांची पद्धत, सगळं त्यांच्या नियमावलीप्रमाणे केलं. आपल्या लोकांची एक खास अडचण इथे येते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली देवनागरी परदेशच्या संगणकावर नुसती किडामुंगी दिसते. तिची सगळी गाणी पुन्हा युनिकोडमध्ये बसवावी लागली. शिवाय रोमन लिपीत लिहिताना ळ आणि ल, ण आणि न वेगळे दाखवायचे, तर अक्षरांखाली टिंबं द्यावी लागतात. दोन रात्री आम्ही टिंबंच देत बसलो.

लेखावरचं नाव मात्र काढायचं. फाइलच्या गुणधर्मांतही लेखकाचं नाव दडलेलं असतं, तेही पुसायचं. "मी माझ्या आधीच्या लेखात म्हटल्याप्रमाणे" असं वाक्यही चालत नाही, कारण परीक्षकाला लेखक कळता कामा नये आणि लेखकाला परीक्षक. मला ही पद्धत फार आवडली. मुशायऱ्यात शायर उठला, की शेर ऐकण्याआधीच त्याच्या नावाला दाद मिळते. इथे लेख वाचला जातो तेव्हा तालुक्याचं कॉलेज दिसत नाही, आडनावही दिसत नाही. अगदी निर्दोष नाही म्हणा. छोट्या विषयात जाणकार थोडे, ते ओळखतातही.

लेख एका वेळी एकाच पत्रिकेकडे द्यायचा आणि मग थांबायचं. पाच महिन्यांनी उत्तर आलं: मोठ्या दुरुस्त्या हव्यात. भाची दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, "अगं, नाही म्हणाले नाहीत ना?" एका परीक्षकाने सतरा मुद्दे काढले होते. प्रत्येकाला उत्तर द्यायचं असतं, पटलं नाही तर सभ्यपणे का पटलं नाही तेही लिहायचं असतं. त्यातला एक मुद्दा मात्र आम्हा दोघांनाही सुचला नव्हता. परीक्षकाने विचारलं होतं, ही गाणी ज्यांनी सांगितली, त्यांना ती जगभर खुली होणार हे माहीत आहे का?

मुक्तद्वार लेखाबरोबर परवाना असतो, बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्सचा. त्याच्या सर्वांत मोकळ्या प्रकारात नाव दिलं, की कोणीही मजकूर वापरू शकतो, विकूही शकतो. व्यापारी वापराला मनाई करणारे प्रकारही आहेत. लेख भाचीचा, गाणी तिची नव्हेत. एखादा कॅसेटवाला उद्या ती उचलील, तर?

म्हणून मागच्या जुम्म्याला आम्ही मोठ्या खालांकडे गेलो. वय ब्याऐंशी. भाचीने परवाना दखनीत समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेरा नाम आता क्या उसमें?" येतं म्हटल्यावर अंगठा दिला. आणि एका गाण्याची आम्ही चुकीची उतरवलेली ओळ दुरुस्त करून दिली. दुरुस्त केलेला लेख याच आठवड्यात पुन्हा पाठवायचा आहे.