फेरफटका सकाळी, बैठक रात्री

पहाटे तासभर चालून आले की प्रकृतीची चिंता मिटली, असा अनेकांचा समज असतो. रात्रीची दूरचित्रवाणीसमोरील बैठक मात्र हिशेबात धरली जात नाही. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, १० लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीच्या विश्लेषणानुसार, रोज ६० ते ७५ मिनिटांच्या मध्यम व्यायामाने दीर्घकाळ बसण्याशी निगडित अकाली मृत्यूचा वाढीव धोका नाहीसा होतो, परंतु रोज ५ तास वा अधिक दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांत तो केवळ कमी होतो. बसल्यावर पायांचे मोठे स्नायू निष्क्रिय राहतात आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर कमी वापरली जाते. म्हणूनच मालिकेसाठी शतपावली चुकवू नये. जाहिराती लागताच उठावे.