मुद्दाम केले, की झाले?

खोडी करताना पकडलेला मुलगा म्हणतो, "सर, मी मुद्दाम नाही केलं, झालं!" आपण रागावतो. पण त्याच्या उत्तरात तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न दडलेला आहे.

विश्वातल्या प्रत्येक कणाची या क्षणाची स्थिती आणि निसर्गातली सर्व बले एखाद्या बुद्धीला कळली, तर सारे भविष्य तिला आजच दिसेल, अशी कल्पना फ्रेंच गणिती लाप्लास यांनी १८१४ साली मांडली. या मताला नियतवाद म्हणतात. आपला मेंदूही कणांचाच बनलेला आहे. मग 'मी ठरवले' याला अर्थ काय उरतो?

१९८३ साली बेंजामिन लिबेट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तबकडीवर एक ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारत होता. वाटेल तेव्हा हात हलवायचा आणि तशी इच्छा जाणवली तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचे. इच्छा जाणवत होती हालचालीच्या सुमारे ०.२ सेकंद आधी. मेंदूतला विद्युत-बदल मात्र सुमारे ०.५५ सेकंद आधीच सुरू होत होता! म्हणजे निर्णय मेंदूने परस्पर घेतला, असा अर्थ अनेकांनी काढला. स्वतः लिबेट यांच्या मते शेवटच्या क्षणी 'नको' म्हणण्याची मुभा उरतेच. पुढे २०१२ साली शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, मेंदूत सतत चालणाऱ्या यादृच्छिक चढउतारांनीही असा आलेख मिळू शकतो. तो निर्णयच असेल असे नाही.

पण समजा, प्रत्येक कृतीमागे कारण असतेच. मग जबाबदारी संपते का? अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम यांनी कारण आणि सक्ती यांत फरक केला. दोन मुले उशिरा आली. एकाची एसटी वाटेत बंद पडली, दुसरा मैदानावर खेळत राहिला. कारण दोघांनाही आहे. पण पहिल्याला कितीही बोललो तरी एसटी सुधारणार नाही. दुसऱ्याला समजावले तर तो उद्या वेळेवर येऊ शकतो, कारण आपले समजावणे हेही त्याच्या उद्याच्या वागण्याचे एक कारणच असते.

यावर आक्षेप आहे. खेळात रमण्याचा स्वभाव किंवा घरचे वळण तरी त्या मुलाने कुठे निवडले होते? म्हणून काही तत्त्वज्ञ जबाबदारीची कल्पनाच नाकारतात. हा वाद आजही मिटलेला नाही. मात्र एवढे दोन्ही पक्षांना मान्य होईल: केवळ सूड म्हणून केलेल्या शिक्षेने मुलाच्या वागण्यामागचे कारण बदलत नाही. तेव्हा छडी उचलण्यापूर्वी आपण विचारावे, याला वेगळे वागता आले असते का? आणि उद्या तो वेगळे वागावा, यासाठी मी आज काय करणार आहे?